टॅटूचं बिल आणि वरची टिप: मुंबई-पुणे-गोव्यातल्या स्टुडिओ-सेवेचं परीक्षण

हातावर पारदर्शक फिल्म चिकटवलेली, तिच्याखाली काळसर पाण्याचे थेंब साचलेले, आणि काउंटरवर बिल: १४,४०० रुपये. शेजारी स्टुडिओचा क्यूआर कोड. बहुतेक गिऱ्हाइकं इथे अडखळतात. हॉटेलात दहा टक्के ठेवायचे हे अंगवळणी पडलंय, सलूनमध्ये पोराच्या हातात पन्नास-शंभर सरकवणंही जमतं. पण साडेचार तास मान खाली घालून कातडीवर रेघा ओढणाऱ्या माणसाला किती द्यायचे, कुठल्या शब्दांत, आणि मुळात द्यायचे का?

हे परीक्षण एका दुकानाचं नाही. वेळ घेऊन जायच्या स्टुडिओत जी सेवा विकली जाते तिचं आहे: चौकशीपासून टच-अपपर्यंत (टॅटू भरून आल्यावर राहिलेल्या जागा पुन्हा भरून देणं). टिप त्यातच येते, कारण टिप किती हे सेवेचा दर्जा आणि बिलाची वाटणी या दोन गोष्टी कळल्याशिवाय ठरत नाही. आमचं मत आधीच सांगून टाकतो: टिपचा आकडा बिलाच्या टक्क्यावरून काढू नका. बिलातले पैसे कुणाच्या खिशात जातात, त्यावरून काढा.

दर: ‘इंच’ म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे भाव बहुतेक ठिकाणी इंचावर सांगतात. चांगल्या स्टुडिओत साधारण ५०० ते १,५०० रुपये इंच, नावाजलेल्या हाताचा भाव त्याहून वर. गोची अशी की हा चौरस इंच असतो आणि फोनवर ते कुणी सांगत नाही. ‘सहा इंचांचं मोरपीस’ म्हटल्यावर गिऱ्हाईक सहा गुणिले सहाशे करून ३,६०० घेऊन येतं. आर्टिस्ट मात्र सहा उंची गुणिले चार रुंदी, म्हणजे २४ इंच धरतो आणि १४,४०० सांगतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि भांडण सुरू. म्हणून चौकशी करतानाच विचारा: चौकोनाचं क्षेत्रफळ धरता की फक्त भरलेल्या भागाचं? मोरपिसासारख्या निमुळत्या डिझाइनला चौकोन धरला तर मोकळ्या कातडीचेही पैसे जातात. भरीव मंडल असेल तर फारसा फरक पडत नाही. मोठ्या कामाला, पूर्ण हात किंवा पाठ, इंच सोडून सिटिंगचा किंवा दिवसाचा भाव ठरवणारे स्टुडिओ आम्हाला जास्त सरळ वाटतात.

छोट्या कामाला किमान आकार असतो, बहुधा १,५०० ते ३,००० रुपये. मनगटावरच्या एका टिंबालाही तोच. त्यात लूट नाही. टिंब असो की वाघ, टेबल पुसणं, फिल्म गुंडाळणं, नवी सुई फोडणं तितकंच.

अ‍ॅडव्हान्स हजार-दोन हजार किंवा बिलाचा चौथा हिस्सा. तो शेवटच्या बिलातून वजा होतो. ऐन वेळी आला नाहीत तर बुडतो. ४८ तास आधी कळवलं तर बहुतेक जण तारीख बदलून देतात. अ‍ॅडव्हान्स म्हणजे टिप नव्हे, आणि टिपचा विचार करताना तो विसरायचाही नाही. २,००० आधी भरले म्हणून शेवटी १२,४०० चंच काम झालं असं धरणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

जीएसटीबद्दल एवढंच: वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या स्टुडिओला सहसा नोंदणीची गरज नसते. कर लावला असेल तर बिलावर १५ अक्षरांचा क्रमांक हवा. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. क्रमांक नाही आणि कर आहे, तर विचारा. टिप ठरवताना करापूर्वीचा आकडा धरा.

१४,४०० ची वाटणी

समजा दंडावरचं हे २४ इंचांचं काळ्या-करड्या छटांचं काम एका कमिशनवरच्या आर्टिस्टनं केलं. निम्मे स्टुडिओचे, निम्मे त्याचे, ही वाटणी पुष्कळ ठिकाणी दिसते. त्याच्या वाट्याला ७,२०० आले. सामान त्याचं असेल तर तीन-चार कार्ट्रिज (मशीनला लावून फेकायचे सुयांचे तयार संच), शाई, ग्लोव्ह्जच्या सहा-सात जोड्या, स्टेन्सिल पेपर (डिझाइनचा ठसा कातडीवर उमटवायचा कागद), फिल्म असे सातआठशे त्यातून गेले. उरले ६,४००. आता तास मोजा. डिझाइन काढायला अडीच तास, बहुधा आदल्या रात्री घरी. टेबल लावणं-आवरणं पाऊण तास. प्रत्यक्ष सुई साडेचार तास. एकूण पावणेआठ. तासाला सव्वाआठशे रुपये पडले. आणि एवढं मोठं काम रोज नसतं. मधल्या रिकाम्या दिवसांचा पगार कुणी देत नाही.

हाच आर्टिस्ट पगारावर असेल आणि वर दहा-वीस टक्के मिळत असतील, तर १४,४०० पैकी त्याच्या हाती जादा फार थोडं पडतं. इथे तुमच्या ५००-१,००० ला खरं वजन आहे. उलट आर्टिस्ट स्वतःच मालक असेल तर भाडं, वीज, एसी त्याच्या डोक्यावर असलं तरी दर त्यानंच ठरवलेला असतो. मालकाला टिप दिली नाही तर आपल्याकडे कुणी वाईट मानत नाही; दिली तर आवडते, एवढंच. पाहुणा आर्टिस्ट, म्हणजे दुसऱ्या शहरातून आठ-पंधरा दिवसांसाठी आलेला, यजमान स्टुडिओला तीस-चाळीस टक्के देतो आणि प्रवास-राहणं स्वतःचं करतो. त्याला जरूर द्यावी.

कोण कोणत्या व्यवस्थेवर आहे हे विचारायला संकोच वाटतो. आडून विचारा: ‘पैसे तुम्हालाच पाठवू की काउंटरला?’ उत्तरातच सगळं कळतं.

टेबल मांडताना बघायच्या गोष्टी

टिपची पात्रता इथेच ठरते. हात कितीही देखणा असो, टेबल घाण असेल तर टिप सोडा, खुर्चीवरून उठा.

चांगल्या ठिकाणी मांडामांड तुमच्या समोर होते. टेबल आणि हातटेका जंतुनाशकानं पुसून वर नवी फिल्म. मशीनला पिशवी, वायरला बाही, ग्रिपला, म्हणजे मशीन धरायच्या मुठीला, नवी पट्टी. पाण्याच्या स्प्रे बाटलीलाही प्लास्टिक, कारण कामात सर्वांत जास्त वेळा तिलाच हात लागतो आणि तीच झाकायची राहते. शाई बाटलीतून छोट्या टोप्यांमध्ये ओतलेली. उरलेली परत बाटलीत जात नाही, फेकली जाते. व्हॅसलीन डबीतून बोटानं नव्हे, लाकडी पट्टीनं काढलेलं.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फाडायला सांगा. त्यावर आकडे असतात: १००३ आरएल. पहिले दोन आकडे सुईची जाडी (०८ म्हणजे ०.२५ मिलिमीटर, १० म्हणजे ०.३०, १२ म्हणजे ०.३५), पुढचे दोन सुयांची संख्या, आरएल म्हणजे रेघांसाठी गोल जुडगा. छटा भरायला मॅग्नम, म्हणजे सुयांचा रुंद चपटा संच, वापरतात, कडा वळवलेला असेल तर तो कातडीला कमी ओरबाडतो. पाकिटावर लॉट नंबर, निर्जंतुकीकरणाची खूण आणि मुदत हवीच. कार्ट्रिजच्या आत पातळ पडदा असतो. शाई आणि रक्त मागे मशीनमध्ये जाऊ नये म्हणून. स्वस्त कार्ट्रिजमध्ये तो नसतो किंवा फाटतो, आणि मग पाकीट नवं असलं तरी मशीन मागच्या गिऱ्हाइकाचं. ‘आमच्याकडे ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) आहे’ हे वाक्य फार ऐकू येतं. वापरून फेकायच्या कार्ट्रिजला त्याचा उपयोगच नाही. स्टीलच्या ग्रिप असतील तरच १२१ अंशांवर दाबाखाली पंधरा मिनिटं ही गोष्ट कामाची. वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत नाही, टणक डब्यात गेली पाहिजे.

आणि मोबाइल. दहापैकी सात ठिकाणी घसरण इथेच होते असं म्हटलं तर आर्टिस्ट मंडळीही नाकारणार नाहीत. शाईचे ग्लोव्ह्ज घातलेले असताना गाणं बदलायचं, मेसेज बघायचा, आणि त्याच हातानं परत सुई. मोबाइलला हात लावल्यावर ग्लोव्ह्ज बदलणारा आर्टिस्ट दिसला की आमच्या लेखी त्याची टिप तिथेच वाढते.

फॉर्मही वाचा. मधुमेह, रक्त पातळ करायच्या गोळ्या, कातडी जाड वाढून व्रण होण्याची सवय, अ‍ॅलर्जी हे प्रश्न त्यात नसतील तर फॉर्म शोभेचा आहे. रक्तदान करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही.

स्टेन्सिल, आणि मराठी अक्षरांचं दुखणं

स्टेन्सिल लावताना उभं राहा, हात सैल सोडा. हात टेबलावर उताणा ठेवून लावलेलं स्टेन्सिल हात खाली सोडला की वळतं. सरळ वाटलेली तलवार तिरकी होते. आरशात आणि सेल्फीत प्रतिमा उलटी दिसते, म्हणून मागच्या कॅमेऱ्यानं फोटो काढायला सांगा. आवडलं नाही तर पुसून पुन्हा लावायला सांगण्यात कसलीही लाज नाही, दहा मिनिटांचं काम आहे. दोन-तीन वेळा न कुरकुरता लावून देतो तो जाणता. लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यावं लागतं. घाई केली की पुसताना कडा जातात आणि उरलेलं काम अंदाजपंचे.

देवनागरी करून घेणाऱ्यांनी मात्र दुप्पट सावध राहावं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सेटिंग चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते. ‘शिवबा’ पाहताना हे मराठी डोळ्याला लगेच खटकेल. पण गोव्यात किंवा मुंबईत आर्टिस्ट नेपाळचा किंवा ईशान्येचा असेल तर त्याच्यासाठी ते नुसतं चित्र आहे. दोष त्याचा नाही, तपासणं तुमचं काम. ऱ्हस्व-दीर्घ, रफार, ‘श्र’ आणि ‘श’, ‘आशीर्वाद’मधली वेलांटी कागदावर लिहून द्या आणि स्टेन्सिलवर अक्षर अक्षर बोट ठेवून वाचा. संस्कृत ओळ असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय सुई लावू देऊ नका. अक्षराची उंची सात-आठ मिलिमीटरच्या खाली नेऊ नये. शाई वर्षांगणिक थोडी पसरते, मग ‘ध’ आणि ‘घ’ एकच दिसतात. ‘जमेल की’ म्हणून चार मिलिमीटरचा श्लोक गोंदणाऱ्यापेक्षा ‘मोठा करा, नाहीतर नको’ म्हणणारा बरा. हे सांगताना तो आपलं गिऱ्हाईक घालवायचा धोका पत्करतो.

सुई चालताना

शाई कातडीच्या दुसऱ्या थरात, वरून साधारण एक ते दोन मिलिमीटरवर बसली पाहिजे. वरवर राहिली की दोन-तीन आठवड्यांत खपलीबरोबर रेघ तुटक निघते. फार खोल गेली की शाई चरबीत पसरते, रेघेभोवती निळसर धूर दिसतो. घोटा, मनगटाची आतली बाजू, दंडाची मऊ बाजू, इथे हे पटकन होतं. पहिला दोष टच-अपला भरून निघतो, दुसरा नाही. बाकी खपली तुम्ही उचकटली म्हणून गेलेला रंग आर्टिस्टच्या माथी मारू नये.

बधिर करणारी क्रीम मागितली तर ३०० ते ८०० रुपये वेगळे लागतात. तिच्यात लिडोकेन आणि प्रिलोकेन ही बधिर करणारी औषधं अडीच-अडीच टक्के असतात; लावून वर फिल्म गुंडाळून पाऊण ते एक तास ठेवायची. कातडी पांढुरकी आणि रबरासारखी होते, काही आर्टिस्टना ती नको असते. दीड तासात असर उतरतो आणि मग सुई दुप्पट झोंबते. पाठ किंवा अख्खी मांडी माखणं धोक्याचं. औषध अंगात जातं. छोट्या कामाला ती लागतच नाही.

आदल्या रात्री दारू नको. रक्त जास्त वाहतं, शाई धुतली जाते, वेळ वाढतो. जेवून जा. चार मित्र घेऊन जाऊ नका. या तीन गोष्टी पाळणाऱ्या गिऱ्हाइकाला आर्टिस्ट मनातल्या मनात टिप दिल्यासारखंच धरतो.

किती, कुणाला, कसे

आपल्याकडे टॅटूच्या टिपची पक्की रीत नाही, आणि आम्हाला ते बरंच वाटतं. खाली दिलेले आकडे मुंबई-पुण्यात दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं न होणारे आहेत.

किमान दराच्या छोट्या कामाला वरचे सुटे राहू द्या, किंवा दोनेकशे. काही न देताही चालतं. अर्ध्या दिवसाचं, दहा-पंधरा हजारांचं काम असेल तर ५०० ते १,०००. अनेक सिटिंगचं मोठं काम, समजा ७०,००० चा पूर्ण हात, तर प्रत्येक वेळी टक्केवारी मोजत बसू नका. मधल्या सिटिंगला दुपारचं जेवण तुमच्याकडून, आणि शेवटच्या दिवशी दोन-तीन हजार एकत्र. जुना टॅटू झाकायचं काम असेल तर थोडा हात सैल सोडा. जुन्या रेघा लपवायला नवं डिझाइन चार-चार वेळा काढावं लागतं आणि इंचाच्या दरात ते धरलेलं नसतं.

मदतनिसाला विसरू नका. केस काढणं, स्टेन्सिलचा कागद छापणं, टेबल आवरणं, शेवटी फिल्म लावणं बहुतेक वेळा शिकाऊ पोरगा-पोरगी करते. पुष्कळ ठिकाणी त्यांना पगार नावापुरता असतो किंवा नसतोच, उलट शिकण्याची फी भरलेली असते. शंभर-दोनशे वेगळे, त्यांच्याच हातात. आर्टिस्टला ‘त्यालाही द्या हं यातून’ सांगून निघू नका.

पैसे पोहोचवायची पद्धत रकमेपेक्षा महत्त्वाची. काउंटरचा क्यूआर स्टुडिओच्या खात्याचा. तिथे १५,००० भरून ‘वरचे सहाशे त्यांचे’ म्हटलं तर ते महिनाअखेर वाटणीत गेले तरी तुम्हाला कळणार नाही. बिल काउंटरला, टिप आर्टिस्टच्या स्वतःच्या यूपीआय नंबरवर किंवा रोख. रोख असेल तर ग्लोव्ह्ज उतरल्यावर, हात धुऊन झाल्यावर. शाईच्या ट्रेशेजारी नोट ठेवू नका. नोटेइतकी घाण वस्तू त्या खोलीत दुसरी नसते.

शब्दही सांभाळा. ‘चहापाण्याला ठेवा’ हे सरकारी कचेरीतून आलेलं वाक्य आहे, कानाला तसंच लागतं. ‘बक्षीस’ म्हटलं की आपण वरच्या पायरीवर उभे. ‘दादा, काम मस्त झालंय, हे तुमच्यासाठी’ एवढं पुरे. पाकिटात ५०१ किंवा १,१०१ घालून देणारे असतात. आहेरासारखं वाटतं, पण त्यात अपमान होत नाही, उलट लक्षात राहतं. वयानं लहान आर्टिस्टलाही अहो-जाहो करा. तुमच्या अंगावर कायमचं लिहिणाऱ्याशी अरे-तुरे कशाला.

आता सगळ्यात खटकणारी गोष्ट. १४,४०० चं काम घासाघीस करून १२,००० वर आणायचं आणि निघताना ऐटीत ५०० टिप द्यायची. कमिशनवरच्या आर्टिस्टचे १,२०० तुम्ही आधीच कापलेत. हिशेबात तो ७०० नं खाली आहे. भाव करायचा असेल तर डिझाइन लहान करा, रंग कमी करा, पण दर तोडून टिप देऊ नका. मित्राच्या स्टुडिओत सवलत मिळाली तर सवलतीतला थोडा भाग टिप म्हणून परत करा. आणि दुसऱ्या आर्टिस्टच्या टॅटूचा फोटो दाखवून ‘हेच सेम टू सेम’ मागणाऱ्यानं तर टिपचा विषयच काढू नये.

काम बिघडलं तर? रेघ थरथरली, स्टेन्सिल न विचारता बदललं, ग्लोव्ह्ज फाटले तरी काम चालूच ठेवलं: टिप नाही, आणि कारण तिथल्या तिथे, शांतपणे. फक्त वेळ जास्त लागला म्हणून टिप कापणं चूक. इंचाचा भाव ठरलाय; जादा तास त्याच्याच खिशातून गेलेत.

गोवा

अंजुणा, हरमल, कळंगुट भागातले स्टुडिओ नोव्हेंबर ते मार्च भरात असतात आणि पाहुणे आर्टिस्ट तेव्हाच येतात. हातांचा दर्जा काही ठिकाणी फार वरचा. पण सेवेतली मोठी उणीव अशी की पर्यटकाला सहलीच्या पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवतात. ताज्या टॅटूला दोन-तीन आठवडे समुद्र नाही, पूल नाही, ऊन नाही. म्हणजे उरलेली सहल गेलीच, किंवा टॅटू गेला. शेवटच्या दिवशीची वेळ मागा. ‘आत्ताच करून घ्या’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘निघायच्या दिवशी या’ म्हणणाऱ्याला टिप द्यावी. काही ठिकाणी गिऱ्हाईक आणणाऱ्याला कमिशन जातं, ते दरात मिसळलेलं असतं. थेट स्टुडिओशी बोलून वेळ घेतली तर भाव बदलतो.

किनाऱ्यावरची ‘काळी मेंदी’ मात्र फुकटही नको. मेंदी काळी नसते; ती काळी करायला केसांच्या रंगातलं पीपीडी नावाचं रसायन मिसळतात, त्यानं काहींना फोड येतात आणि पुढे केस रंगवतानाही त्रास होतो. जत्रेतल्या मशीनबद्दल एक वाक्य: एकाच सुईनं आणि एकाच शाईच्या वाटीतून रांगेनं नावं गोंदली जातात, त्यातून कावीळ आणि एचआयव्ही पसरू शकतात, तिथे बसूच नका. आजीच्या काळात दारात येणाऱ्या गोंदणारणीला सुपातलं धान्य आणि जुनं लुगडं मिळे. तिच्या हातालाही ठरलेला भाव नव्हता, पण सुई तीच घरोघर फिरे.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी

इथला हिशेब तिथे लावू नका. अमेरिकेत टॅटूवर १५ ते २० टक्के टिप ही जवळजवळ ठरलेली रीत आहे, मालक-आर्टिस्टलाही बहुतेक जण देतात. कारण व्यवस्था वेगळी: आर्टिस्ट बहुधा नोकर नसून स्वतंत्र, जागेचं भाडं किंवा कमाईचा चाळीस-पन्नास टक्के वाटा दुकानाला देतो, १५.३ टक्के स्वयंरोजगार कर वेगळा, आरोग्य विमा स्वतःचा. ६०० डॉलरचं काम असेल तर ९० ते १२०. शंभर डॉलर अ‍ॅडव्हान्स भरला होता म्हणून ५०० वर मोजू नका. पूर्ण ६०० वर. मोठं काम असेल तर तिथे प्रत्येक सिटिंगला टिप देतात, कारण पुढच्या सिटिंगला तुम्ही याल याची खात्री नसते. रोख आवडते. कार्डानं दिली तर स्क्रीनवरचे तयार टक्के कराच्या आधीच्या रकमेवर आहेत की नंतरच्या, ते बघा. २०२५ च्या करकायद्यानं तिथे २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी टिपच्या वार्षिक २५,००० डॉलरपर्यंतच्या रकमेवर वजावट दिली. पात्र कामांच्या यादीत टॅटू आर्टिस्टही आहेत. जपानमध्ये उलट: टिपचा रिवाज नाही, पैसे पुढे केले तर समोरचा गोंधळतो. खाऊचा छोटा डबा चालतो.

टच-अप

चार ते सहा आठवड्यांनी, कातडी पूर्ण भरल्यावर. बहुतेक चांगले स्टुडिओ पहिला टच-अप फुकट देतात, बहुधा तीन महिन्यांच्या आत. बिलावर लिहून घ्या. बोटं, तळहाताची कड, पाऊल यांना ही हमी सहसा नसते, आणि ते योग्यच आहे, तिथली कातडी झिजते. फिल्म लावली असेल तर आत पाणी फार साचल्यावर पहिल्या २४ तासांत बदलायची, मग तीन-चार दिवस ठेवायची. नंतर वास नसलेला साबण, पातळ मॉइश्चरायझर, जाड थर नाही.

टच-अपला जाताना भरून आलेल्या टॅटूचा फोटो काढून न्या: सावलीतल्या उजेडात, फ्लॅशशिवाय, हात सैल सोडून. आर्टिस्टला ताज्या कामाचे फोटो ढीगभर मिळतात, भरलेल्याचा क्वचित, आणि पुढचं गिऱ्हाईक तोच बघून येतं. त्या दिवशी बिल शून्य असतं, म्हणून लोक हसून निघतात. पण नवं कार्ट्रिज फुटलेलं असतं, अर्धा-पाऊण तास गेलेला असतो आणि शून्यातल्या निम्म्या वाट्यात आर्टिस्टला काहीच मिळत नाही. पहिल्या दिवशी हात आखडला असेल तर त्या दिवशी दोन-तीनशे द्या.